दादा म्हणतो, मी फाटे फोडते

पत्राचा गोषवारा : डिचोली तालुक्यातून ३३ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वडिलांचे खाणीवर ट्रक होते. खाणी बंद झाल्यावर ते विकून घरानं काजू फोडण्याचा लहान कारखाना घातला. आता तो त्या आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून चालवतात. बराचसा माल मडगावच्या एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. भावाला कर्ज काढून कळंगुटला दुकान भाड्यानं घ्यायचं आहे. गावठी बी महाग पडते, तेव्हा आफ्रिकेतून येणारी बी फोडून तीही ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकली तर बिघडलं कुठं, असंही त्याचं मत आहे. बहिणीला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. त्या काही वर्षं तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचताहेत आणि आता दूरशिक्षणानं एम.ए. करू म्हणतात. त्यानं विचाराला धार येते, धंद्यातही फायदा होतो, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून तत्त्वज्ञान शिकलेल्या अब्जाधीशांची यादी सोबत जोडली आहे. भाऊ म्हणतो, “तू वाचायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस. शिकायचंच तर मार्केटिंग शिक.” त्यांचा प्रश्न : तत्त्वज्ञानानं निर्णय खरंच सुधारतात, की मी हौसेला मोठं नाव देते आहे? आणि दादाला पटवू कसं?

नमस्कार.

तुमची यादी आधी घेतो. पत्रातला सगळ्यात कमकुवत भाग तोच आहे, आणि तो तत्त्वज्ञान वाचणाऱ्या बाईंकडून यावा याची थोडी गंमतही वाटली. जॉर्ज सोरोस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले आणि तत्त्वज्ञ कार्ल पॉपरच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, हे खरं. पीटर थील स्टॅनफर्डला, रीड हॉफमन ऑक्सफर्डला आणि ‘स्लॅक’चे स्टुअर्ट बटरफील्ड केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकले, हेही खरं. पण ही नावं निवडली कशी? आधी श्रीमंत माणसं गोळा केली, मग त्यांच्यातून तत्त्वज्ञान शिकलेली वेचली. तत्त्वज्ञान शिकून कर्जबाजारी झालेल्यांची किंवा निमूटपणे बँकेत नोकरी केलेल्यांची यादी कुणी व्हॉट्सॲपवर फिरवत नाही. दादानं उद्या ‘तत्त्वज्ञान न शिकता पैसा केलेले गोंयकार’ अशी यादी काढली, तर ती तुमच्या यादीपेक्षा लांब होईल आणि त्यासाठी त्याला म्हापशाचा बाजार ओलांडावा लागणार नाही.

या जातीची बहुधा सगळ्यात जुनी गोष्ट ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवली आहे. थेलीस नावाच्या ग्रीक विद्वानाला लोक गरिबीवरून चिडवायचे, की तुझ्या तत्त्वज्ञानाचा उपयोग काय. त्यानं ग्रहताऱ्यांवरून ताडलं की यंदा ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. भर हिवाळ्यात, कुणाला घाण्यांची गरज नसताना, त्यानं थोडी थोडी अनामत देऊन मिलेटस आणि किऑसमधले तेलाचे घाणे स्वतःसाठी राखून ठेवले. हंगाम आला, सगळे घाण्यांसाठी धावले, आणि त्यानं हवा तो दर लावला. गोष्ट इथपर्यंतच सांगतात. ॲरिस्टॉटल मात्र पुढे नोंदवतो, की ही सरळसरळ मक्तेदारीची युक्ती आहे, कुणालाही करता येण्यासारखी; थेलीस शहाणा म्हणून प्रसिद्ध होता म्हणून ती त्याच्या नावावर लागली. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर लोक तत्त्वज्ञानाचा नफा सिद्ध करतात, ती सांगणाऱ्यालाच त्या नफ्याचं श्रेय तत्त्वज्ञानाला द्यायचं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण बघायचं तर अमळनेरला चला. तिथले गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजीही काही काळ तिथं शिकायला होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसानं खान्देशातल्या एका गावात वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था काढली, ती गिरणीचा नफा वाढावा म्हणून नव्हे. त्यांना तो विषय हवा होता आणि तो जोपासण्याइतका पैसा त्यांच्याकडे होता. तुमच्या पत्रात मला हेच कुठं दिसलं नाही : ‘मला हे आवडतं, मला हे शिकायचं आहे’ असं एक साधं वाक्य. दादाला विकता यावं म्हणून तुम्ही आवडीवर ‘फायदा’ असं लेबल चिकटवता आहात. हौस असेल तर असू दे की. दादाच्या क्रिकेटच्या सामन्यांचा हिशेब तुम्ही कधी मागितलाय का?

हे बोलून झालं, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कारण निर्णय सुधारतात का याला माझं उत्तर ‘हो’ असंच आहे, फक्त ते यादीतून निघत नाही. ते तुमच्याच घरातून निघतं.

वडिलांचे ट्रक आठवा. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनला आपलं कमी प्रतीचं लोहखनिजसुद्धा हवं होतं. डिचोली, सांखळी, सांगे, केपे भागात घराघरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ती माणसं मूर्ख नव्हती. खाण आजोबांच्या वेळी चालू होती, वडिलांच्या वेळी चालू होती, दर वर्षागणिक चढत होता. बँकाही त्याच भरवशावर कर्ज देत होत्या. सप्टेंबर २०१२मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. नंतर मर्यादेत सुरू झालं, ते मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडलं. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं विचारलं होतं, की आजवर असंच होत आलं म्हणून उद्याही होईल, हे नेमकं कशाच्या आधारावर म्हणता? त्यालाही भक्कम उत्तर सापडलं नाही; सवयीच्या जोरावर आपण तसं धरून चालतो, इतकंच तो म्हणाला. ज्या घरानं दाराशी उभ्या असलेल्या ट्रकचे हप्ते भरलेत, त्या घराला हा प्रश्न पुस्तकी वाटायचं कारण नाही.

पण ह्यूमचा प्रश्न धंद्याला अपुरा पडतो. काहीच निश्चित नाही एवढं कळून दुकान घ्यायचं की नाही हे ठरत नाही. इथं आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे जुने तर्कशास्त्री, जास्त कामाचे आहेत, असं माझं मत. धूर दिसला की अग्नी आहे, हे त्यांचं घासून गुळगुळीत झालेलं अनुमान तुम्ही वाचलं असेलच. त्याचा उलटा भाग लोक वाचत नाहीत. जिथं अग्नी तिथं धूर, हे खरं आहे का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी न बोललेली अट, तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. तुमचा ‘जिथं हे तिथं ते’ हा नियम खरा वाटत असतो, कारण तुम्ही बघितलेल्या प्रत्येक चुलीत सरपण ओलंच होतं. खाणीच्या बाबतीत ओलं सरपण म्हणजे चीनची मागणी आणि कायद्यात टिकतील असे परवाने. दोन्ही अटी वर्षानुवर्षं पुऱ्या होत होत्या, म्हणून त्या अटी आहेत हेच कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

आता दादाचं म्हणणं मांडून बघू. कळंगुटचं दुकान चालेल. कारण तिथं पर्यटक येतात. जिथं पर्यटक तिथं काजू खपतो. उदाहरण म्हणून तो पणजीतली दुकानं दाखवेल. ओलं सरपण कुठलं? परतीच्या वाटेवरचा पर्यटक, असं मला वाटतं. काजूची पाकिटं माणूस समुद्रावर जाताना घेत नाही, सामान बांधताना घेतो. मग तुमच्या जागेवरून माणसं परत जातात की फक्त समुद्राकडे जातात? पर्यटकांची बस तिथं थांबते का, आणि थांबली तर कुणाच्या सांगण्यावरून थांबते? कळंगुट–बागा रस्त्याला काजूची दुकानं आधीच ओळीनं आहेत. चौथ्या दुकानात न जाता माणूस पाचव्यात का येईल? भाडं बारा महिन्यांचं, आणि खप? यांतला एकही प्रश्न दुकानाच्या विरोधात नाही. यांची उत्तरं चांगली आली तर दुकान घ्या. उत्तरं घरी बसून मिळणार नाहीत, इतकंच. दोघं मिळून एक शनिवार त्या जागेसमोर उभे राहा आणि शेजारच्या दुकानातून किती माणसं पिशवी घेऊन बाहेर पडतात ते मोजा. पावसातल्या एखाद्या दिवशी पुन्हा जा. मालकाशी बोलून आधी नाताळ ते शिमग्यापर्यंतच्या मोसमापुरती जागा मिळते का, हेही विचारा. भाडं चढं पडेल, पण कर्जापेक्षा स्वस्त पडेल.

हीच चाळणी तुमच्या बाजूला लावतो, राग मानू नका. तुम्ही लिहिता, ‘दुकान नको, कारण त्यात धोका आहे.’ नैयायिकांच्या भाषेत हा हेतू, म्हणजे दिलेलं कारण, अनैकांतिक आहे; दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडणारं. दुकान न घेण्यात धोका नाही? तुमचा बराचसा माल एकाच घाऊकवाल्याच्या हातात आहे. उद्या त्यानं दर पाडला किंवा दुसरीकडून माल उचलला, तर चार किलो बी फोडून हातात आलेला किलोभर गर तुम्ही कुणाला विकणार? जो धोका रोजचा झाला तो दिसत नाही. नवा धोका तेवढा दिसतो. वडिलांच्या ट्रकनं तुम्हाला कर्जाची भीती शिकवली आणि दादाला, कुणी सांगावं, हातातली संधी जाण्याची. तुम्ही ज्याला तत्त्वचिंतन म्हणताय त्यात थोडी ती भीतीही मिसळली आहे का, हे तुम्हीच बघा. पत्रावरून मला तसं वाटलं; पत्रावरून माणूस किती कळतो हा भाग वेगळा.

आणि ‘फाटे फोडतेस’ हे दादाचं म्हणणं मी पूर्ण खोटं ठरवणार नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे नैयायिकांच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते दोघांना कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं, ती वितंडा. तुमच्या पत्रात दुकानाविरुद्धचे आक्षेप पानभर आहेत, पण माल विकायचा दुसरा मार्ग एकही सुचवलेला नाही. घाऊकवाल्यावरचं अवलंबित्व कमी करायचं कसं? हॉटेलांना थेट पुरवठा, पार्सलनं विक्री, पणजीत एखाद्या चालू दुकानात कपाटभर जागा, काहीही. पुढच्या वेळी दादाशी बोलायला बसाल तेव्हा तुमच्या बाजूनं एक पूर्ण प्रस्ताव हवा, खर्चाच्या आकड्यांसकट. नाहीतर त्याला तुमच्या पुस्तकांचा राग येणारच, आणि तो रास्त असेल.

बोलण्याची रीत मात्र शास्त्रकारांकडून घ्या. आपल्या जुन्या भाष्यांत आधी पूर्वपक्ष येतो : विरोधकाचं म्हणणं, तेही त्याच्या तोंडी शोभेल इतक्या ताकदीनं. तुम्ही दादाची बाजू कागदावर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं तो म्हणेपर्यंत पुन्हा लिहा. मग त्यानं तुमची लिहावी. त्याखाली प्रत्येकानं एक ओळ घालायची : काय दिसलं तर मी माझं मत सोडेन? पॉपरचा सगळा भर याच ओळीवर होता. कशानंच खोटं ठरू शकत नाही ते म्हणणं त्याच्या लेखी शास्त्रात बसत नव्हतं. दादा कदाचित लिहील, ‘पावसाच्या महिन्यांत निम्मं भाडंसुद्धा निघत नसेल तर नको.’ तुम्ही लिहाल, ‘मोसमात इतकी विक्री झाली तर मी कर्जावर सही करीन.’ भागीदारीत धंदा करणाऱ्या इतर वाचकांनीही हा कागद करून बघावा, विशेषतः जिथं भागीदार नात्यातले आहेत. नात्यात माणूस मुद्द्यावर बोलता बोलता पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानावर येतो. कागद समोर असला की जरा कमी येतो.

आणि तारीख ठरवा. चवथीच्या आधी निर्णय, कारण त्यानंतर मोसम तोंडावर येतो. ह्यूमचीच आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. शंका काढून काढून तो स्वतःच इतका बेजार झाला की त्यानं लिहून ठेवलंय : मी जेवतो, मित्रांबरोबर सोंगट्यांचा डाव मांडतो, आणि मग त्या सगळ्या शंका मला थंड आणि ओढूनताणून आणलेल्या वाटतात. शंकेला ताटावरून उठायची वेळ ठरवून द्यावी लागते.

आता काजूच्या नावाचं. इथं मी दादाच्या विरुद्ध आहे, स्पष्टच सांगतो. ‘आपल्याच कारखान्यात फोडली म्हणजे गोव्याचीच’ हे त्याचं म्हणणं वरवर बरं दिसतं; कुठली गोष्ट कुठली म्हणायची, जिथं उगवली तिथली की जिथं घडली तिथली, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण गिऱ्हाईक ‘गोव्याचा काजू’ वाचून काय समजतं हे दादाला पक्कं ठाऊक आहे, आणि ते तसं समजतं म्हणूनच त्याला ते शब्द हवे आहेत. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५मध्ये एक कसोटी दिली : तू जे करतोस ते सगळ्यांनी केलं तर चालेल का? सगळ्यांनी बाहेरची बी गोव्याची म्हणून विकली तर काही दिवसांत त्या शब्दांना कुणी पैसे मोजणार नाही. दादाचा नफा बाकीचे खरं बोलतात यावर उभा आहे. कांट आवडत नसेल तर व्यवहार बघा. २०२३मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव वापरायचे नियम आहेत, ते आधी वाचून घ्या. आफ्रिकेतली बी फोडण्यात गैर काहीच नाही, कितीतरी कारखाने फोडतात. दोन पाकिटं करा, दोन दर ठेवा. गावठी बीचं, सालीसकट भाजलेलं पाकीट महाग विकलं जातं का, हे त्या मोसमापुरत्या दुकानात आपोआप कळेल.

राहिली एम.ए.ची गोष्ट. ती करायलाच हवी असं नाही. विचाराला धार हवी असेल तर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा (आपल्याला कळतं ते कशाच्या आधारावर, याचा विचार) एवढे दोन विषय पुरेसे आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांचे अभ्यासक्रम फुकट मिळतात आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. पण तुम्हाला तो विषय सगळा हवा आहे, कांटही आणि शंकराचार्यही, असं पत्राच्या शेवटी शेवटी जाणवतं. मग करा. ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात रोज जाणं तुम्हाला जमणारं नाही, तेव्हा इग्नू या मुक्त विद्यापीठाचाच मार्ग बरा : कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम रेंगाळत चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. दादाला मात्र तो धंद्याची गुंतवणूक म्हणून सांगू नका. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या वेळात, आवडीचं म्हणून सांगा. मार्केटिंगचं म्हणाल तर तेही तो चुकीचं बोलत नाही. पाकिटं, दर, जाहिरात यांतलं काही तुम्हा दोघांपैकी एकाला शिकावंच लागेल. दुकान त्याच्या डोक्यात आहे, तर त्यानं का शिकू नये, हे जरूर विचारा.

तुमच्या दादाच्या मनात एक भीती असेल, ती मी समजू शकतो. आपल्या गोव्यातच, सांखवाळला १८७६मध्ये जन्मलेले बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी घरच्या माडांच्या बागेचं काम बघत होते. बुद्धाविषयी वाचलं आणि १८९९मध्ये घरदार मागं ठेवून बौद्ध धर्म शिकायला निघाले, ते सिंहलद्वीपापर्यंत (आजच्या श्रीलंकेपर्यंत) पोचले आणि पुढं हार्वर्डपर्यंत. सगळेच वाचणारे असे निघून जात नाहीत. कारखाना सांभाळून शिकायचं तर वेळापत्रक आधी दादाच्या समोर मांडा. प्रवेश जानेवारीत किंवा जुलैत मिळतो. जुलैतला घ्या, फेब्रुवारी ते मे बीच्या खरेदीत तुम्हाला डोकं वर काढायला फुरसत नसते. परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. डिसेंबरची सोडून द्या, त्या दिवसांत दुकान लागलेलं असलं तर गल्ल्यावर माणूस लागेल. जूनची द्यायची तर वाचन जानेवारीअखेर संपवून ठेवावं लागेल, आणि स्वाध्याय लिहायचे असतात तेही तेव्हाच.